पहिलं 'नको'

नृसिंहराव सरनाईकांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाईलवर गेम उघडला आणि पाव तासाच्या आत त्यांची गावभर बदनामी झाली. गाव मोबाईलमधलं होतं हे खरं. पण बदनामीला गाव खरं लागत नाही, नाव खरं असलं की पुरतं, आणि नाव त्यांनी स्वतःच्या बोटानं अक्षर अन् अक्षर टाइप केलं होतं: नृसिंह बाळासाहेब सरनाईक. जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस नाव अर्धवट लिहीत नाही.

हे लचांड गळ्यात पडलं ते लेकीमुळं. अदिती पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. 'नवं गाव' हा तिनं दोन वर्षं खपून केलेला गेम. तुम्ही एका अनोळखी गावात येऊन उतरता, ओळखी काढता, शेत कसायला घेता, आणि सगळं जमून आलं तर शेवटी गावच्या जत्रेतला मानाचा नारळ तुमच्या हातानं फुटतो. बंदूक नाही, राक्षस नाही. त्यामुळं कंपनीच्या वरिष्ठांना शंका होती की हे खेळणार कोण. त्यांनी अट घातली: पंचावन्नच्या पुढची, कधी गेम न खेळलेली पन्नास माणसं गोळा करायची आणि त्यांना पंधरा दिवस द्यायचे. त्यातली निम्मी जत्रेपर्यंत पोचली तर गेम बाजारात येणार. नाही पोचली तर 'नवं गाव' बासनात जाणार आणि अदितीनं रंगीत फुगे फोडायचा गेम करायचा.

"पप्पा, तुमचं आणि मम्मीचं नाव घातलंय," ती फोनवर म्हणाली. "एक नंबर, एक खेळ. परत पहिल्यापासून सुरू करता येत नाही. सुरुवातीला जे निवडाल त्यावर पुढचं सगळं ठरतं, तीच तर गंमत आहे. आणि मला काही विचारायचं नाही. मी सांगितलं तर तुमचं नाव बाद."

"त्यात विचारायचं काय?" नृसिंहराव म्हणाले. "गावात जायचं, माणसांशी रीतीनं वागायचं. जन्मभर तेच केलंय."

फोन ठेवून त्यांनी ही बातमी कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या आपल्या गल्लीत घरटी एकदा सांगितली. मग स्वच्छ हातपाय धुऊन, चष्मा पुसून, बैठकीच्या खोलीत पंख्याखाली बसून खेळ सुरू केला.

एसटीतून उतरल्या उतरल्या, वेशीजवळच्या पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी उभी होती. नाव धोंडुबाई. "पावणं, लांबनं आलायसा. या, बसा, भाकरी खाऊन जावा," ती म्हणाली. खाली दोन बटणं होती: 'बसतो' आणि 'नको'.

इथं कुठल्याही घरंदाज माणसानं जे केलं असतं तेच नृसिंहरावांनी केलं. त्यांनी 'नको' दाबलं.

"बरं," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

नृसिंहरावांनी मोबाईल टीपॉयवर ठेवला, हाताची घडी घातली आणि दुसऱ्यांदा विचारणा होण्याची वाट बघत बसले. म्हातारी आत पाट मांडायला गेली असेल, तांब्या भरायला गेली असेल, येईलच. दहा मिनिटं गेली. मध्ये त्यांचा चहा झाला. दार काही उघडलं नाही. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: 'गावात ही गोष्ट पसरली.' आणि त्यांच्या पूर्ण नावाखाली एक ओळ आली: 'गावाचं मत: तुसडा.'

आता नृसिंहराव आणि तुसडे? ज्यांच्या घरातून गॅसचा सिलिंडर टाकायला आलेला माणूससुद्धा पोहे खाल्ल्याशिवाय सुटत नसे, ते? पण आधी पाहुणचाराबद्दलची त्यांची मतं सांगायला हवीत, कारण ती कडक होती. पहिल्या विचारण्याला जो 'हो' म्हणतो तो हावरट. दुसऱ्याला म्हणतो तो जरा घाईचा. तिसऱ्याला, तेही हात झटकत, "आता तुम्ही ऐकतच नाही तर घासभर," असं म्हणत बसतो तो माणूस. यजमानानंही तिसऱ्यांदा विचारलंच पाहिजे. जयसिंगपूरच्या मावसभावानं एका बारशात जिलेबी दोनदाच विचारली आणि ताट पुढं नेलं. त्या घराची पायरी नृसिंहराव अकरा वर्षं चढलेले नाहीत. जिलेबी त्यांना अतिशय आवडते.

दुसऱ्या दिवसापासून गावानं रंग दाखवायला सुरुवात केली. नावाडी होडीत घेईना, तो धोंडुबाईचा भाचा. गिरणीवाला दळण घेईना, तो जावई. शेताला पाणी सोडणारा पाटकरी तिचा सख्खा दीर निघाला, त्यानं पाणी शेजारच्या रानात वळवलं. बातमीही वाढत चालली. सोमवारी पारावरची माणसं म्हणत होती की पाहुण्यानं भाकरी नाकारली. बुधवारपर्यंत त्यानं भाकरीला नावं ठेवली होती. शुक्रवारी तर त्यानं परात लाथाडली असं एक मेंढका शपथेवर सांगत होता. एका बटणाचा हा पसारा बघून नृसिंहराव हबकले. ते नदीच्या घाटावर झोपत होते आणि कच्ची वांगी खात होते.

त्यांची ही दशा शेजारच्या आकाराम चौगुल्यांना कळली. आकाराम म्हणजे तालमीतला गडी, आता सकाळ-संध्याकाळ म्हशी आणि मधल्या वेळात दुसऱ्यांच्या भानगडी.

"अण्णा, तुमी लई मऊ बोलताय," आकाराम म्हणाला. "नावाडी न्हाय म्हणतोय म्हंजे काय? आणा हिकडं."

"अरे, तो गेम आहे. रीतीनं..."

"रीतीनंच करतो की."

आकारामचा अंगठा म्हशीच्या दाव्यानं घट्टे पडलेला. त्यानं तो 'विनंती करा' या बटणाकडं नेला, पण अंगठा एवढा रुंद की त्याखाली शेजारचं 'दमदाटी करा' पण आलं. नावाडी पाण्यात पडला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. गावाचं मत बदललं, हे एक झालं. आता तिथं 'तुसडा, त्यात भांडखोर' असं होतं.

"निदान हालचाल तरी झाली," असं म्हणून आकाराम धारा काढायला निघून गेला.

समोरच्या शालूबाईंचं म्हणणं वेगळं पडलं. त्या चष्मा लावून बराच वेळ धोंडुबाईच्या बंद दाराकडं बघत राहिल्या. "बाईमाणूस दुखावलंय ते," त्या म्हणाल्या. "लुगडं न्या. लुगडं नेलं की निम्मा राग तितंच जातोय."

सल्ला चांगला होता. पण लुगडं आणायचं कुठनं? भांडखोर माणसाला कामावर घेणारी एकच जागा गावात उरली होती, ती दगडाची खाण. नृसिंहरावांनी चार दिवस खाणीत दगड वाहिले. खुर्चीत बसूनच वाहिले, पण एका दगडाला शंभरदा बोट आपटावं लागे, आणि चौथ्या दिवशी त्यांचं बोट सुजलं. श्यामलाबाईंनी हळदीचा लेप लावून दिला.

लुगडं घेऊन ते धोंडुबाईच्या दारी गेले. शालूबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. दार उघडलं. नृसिंहरावांनी 'भेट द्या' दाबलं.

"नको," धोंडुबाई म्हणाली.

"आता परत द्या," शालूबाई म्हणाल्या. "ती न्हाय म्हणाली म्हंजे घ्याच म्हणत्या की ती."

नृसिंहरावांनी पुन्हा दाबलं. बटण विझलेलं होतं. 'भेट नाकारली गेली.' त्यांनी पुष्कळ दाबलं, सुजलेल्या बोटानं दाबलं, मोबाईल बंद करून चालू केला. म्हातारी आत, पाहुणा बाहेर, लुगडं मध्ये. दोघंही रीतीची माणसं, आणि आग्रह करायची सोय गेममध्ये कुणी ठेवलेलीच नव्हती.

त्या दुपारी त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. दहा दिवस गेले होते, पाच उरले होते. अदिती लहानपणी वहीच्या मागच्या पानावर गावं काढायची, विहीर, गिरणी, पार, आणि प्रत्येक घराला माणसांची नावं द्यायची. तिचं गाव आपल्या एका 'नको'नं बुडणार, हा विचार त्यांना सहन होईना.

श्यामलाबाईंचा मोबाईल स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये जेवढं होईल तेवढं त्या खेळत. नृसिंहरावांनी सहज डोकावलं. श्यामलाबाईंच्या दोन म्हशी होत्या, परसात शेवगा होता, बचत गटाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि जत्रेचा मानाचा नारळ काल संध्याकाळीच त्यांच्या हातानं फुटला होता. गावाचं मत: 'आपलंच माणूस.'

"तू धोंडुबाईला काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"बसतो म्हणालो," श्यामलाबाई कोल्हापूरच्या बायकांच्या वळणानं म्हणाल्या.

"पहिल्यांदाच?"

"मग कितव्यांदा?" श्यामलाबाईंनी फोडणीत मोहरी टाकली. "अडतीस वर्षं मी लोकांना आग्रह करतोय. घ्या, अजून घ्या, अर्धी तरी घ्या. मला कोण म्हणालंय? ती बस म्हणाली, मी बसलो."

नृसिंहराव बैठकीच्या खोलीत परतले आणि अर्ज लिहायला बसले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नोंद अशी बघितली नव्हती की जिच्यावर हरकत घेता येत नाही. माणूस मेला म्हणून नोंद झाली असेल तरी तो स्वतः हजर राहून ती दुरुस्त करून घेऊ शकतो, आणि एकदोघांनी तशी घेतलीही होती. मग 'नको'ची दुरुस्ती का होऊ नये? त्यांनी कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीत लिहिलं: 'विषय: श्रीमती धोंडुबाई यांचेकडील भोजन नाकारलेची नोंद रद्द होऊन मिळणेबाबत.' खाली सात मुद्दे, सोबत आधार कार्डाची प्रत.

उत्तर तीन सेकंदांत आलं. 'खेळातील निवड बदलता येत नाही. आमच्या उत्तरानं आपलं समाधान झालं का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

समाधान कसलं होतंय? पण समोरच्यानं इतक्या तत्परतेनं उत्तर दिल्यावर त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं? नृसिंहरावांनी भिडेखातर 'हो' दाबलं.

'धन्यवाद. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

त्यांनी कपाळाला हात लावला. पण माणूस कचेरीतला. निकालाच्या वर अपील असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी फुलस्केप कागद काढला, समास आखला आणि चार पानी अपील हातानं लिहून कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवलं, पोचपावतीसह. त्या कंपनीत पाकीट येऊन कित्येक वर्षं झाली असावीत. दारावरच्या मुलीला ती कोर्टाची नोटीस वाटली आणि तिनं ती थेट गेमच्या प्रमुखाच्या टेबलावर नेऊन ठेवली. एरवी अर्ज प्रमुखापर्यंत जायला जो काळ लागतो तो असा वाचला.

प्रमुखाचं नाव वरद, वय सत्तावीस. बाराव्या दिवशी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. नृसिंहरावांनी शर्ट बदलला. आकाराम आणि शालूबाई कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं, पण सगळं ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसले.

"काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं," वरद म्हणाला. "मला एवढंच सांगा, तुम्हाला बसायचं होतं ना?"

"होतं की. भूकच लागली होती."

"मग नको का म्हणालात?"

नृसिंहरावांना या पोराची दया आली. "अहो, पहिलं नको म्हणजे नको नसतंच. पहिलं म्हणजे, मी ऐकलं. दुसरं म्हणजे, तुम्ही मनापासून विचारताय का ते बघतोय. तिसऱ्यांदा नको म्हणालो तर समजायचं याचं पोट बिघडलंय. तुमची म्हातारी पहिल्यालाच दार लावून मोकळी झाली. तिच्या घरी कुणी काही शिकवलं न्हाय काय?"

भावनेच्या भरात त्यांच्या तोंडून 'न्हाय' गेलं. वरदनं आकड्यांचा तक्ता उघडला.

"काका, पन्नासपैकी एकतीस लोकांनी नको दाबलंय," तो म्हणाला. "सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर. एकतीसच्या एकतीस घाटावर झोपलेत. आम्हाला वाटलं लोकांना म्हातारीच आवडत नाही. आम्ही तिचा चेहरा तीनदा बदलला."

"पावणं, चेहऱ्यात काय न्हाय," मागून आकाराम म्हणाला. "तोंडात हाय."

एकोणीस माणसं पहिल्यालाच बसली होती, त्यातली सतरा जत्रेला पोचली होती. आणखी आठ लागत होती. वरदनं आणि त्याच्या हाताखालच्या पोरांनी दोन दिवस जागून गेममध्ये आग्रह घातला, आणि शुक्रवारी दुपारी तो सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला. नियम सगळ्यांना सारखा म्हणून एकतीसच्या एकतीस जणांना धोंडुबाईच्या दारात परत उभं करण्यात आलं. मुदत रविवारी दुपारी एकपर्यंत.

"पावणं, बसा, भाकरी खाऊन जावा."

नृसिंहरावांनी 'नको' दाबलं.

"असं कसं? चूल पेटलेली हाय. बसा."

आकाराम आणि शालूबाई मोबाईलवर वाकले. नृसिंहरावांनी पुन्हा 'नको' दाबलं, आणि ते दाबताना त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत प्रथमच तेज आलं.

"आता न्हाय म्हणालासा तर मला वाईट वाटंल बगा," धोंडुबाई म्हणाली.

"घासभर," नृसिंहराव मोबाईलला म्हणाले आणि 'बसतो' दाबलं. शालूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

भाकरी आली, झुणका आला, दही आलं. नृसिंहरावांनी खाल्लं. निघायचं म्हणून 'पुरे' दाबलं. धोंडुबाईनं आणखी अर्धी वाढली. त्यांनी परत 'पुरे' दाबलं. तिनं अख्खी वाढली. वरदच्या पोरांनी अपिलातला शब्द अन् शब्द मनावर घेतला होता. तिसऱ्याशिवाय कुठलाही नकार खरा मानायचा नाही, आणि तिसऱ्याला तर म्हातारीला वाईट वाटायचं, मग पुढचं वाढण. कसेबसे धोंडुबाईकडून सुटले तर गिरणीवाल्यानं हात धरून आत नेलं. तिथून सुटले तर नावाडी. त्याला पाण्यात पाडल्याचं कुणी मनातसुद्धा ठेवलं नव्हतं, त्यामुळं त्याच्याकडं जास्तच खावं लागलं.

"अण्णा, ताटावर हात आडवा धरा," आकाराम सांगत होता.

"तसं बटण नाही."

"मग इसरलाच की त्यास्नी सांगायचं."

विसरलेच होते. आग्रह कसा करायचा हे चार पानं भरून लिहिलं, आग्रहातून सुटायचं कसं हे लिहायचं राहून गेलं. शनिवार गेला. रविवारी एक वाजता जत्रेचे ढोल लांबून ऐकू येत होते आणि नृसिंहराव पाटकऱ्याकडं सातवी भाकरी मोडत होते. मुदत संपली. त्यांनी चष्मा काढून ठेवला. आकाराम आणि शालूबाई आपापल्या घरी गेले.

दीड वाजता अदितीचा फोन आला.

"पप्पा, कुठं पोचलात?"

"पाटकऱ्याकडं," नृसिंहराव म्हणाले. "अदू, माझ्यामुळं झालं हे. मी पहिल्याच दिवशी..."

"ऐका आधी. एकतीस जणांतलं कुणीच पोचलं नाही. सगळे जेवतायत."

"मग फुगे?"

"कसले फुगे? साहेबांनी आकडे बघितले. शुक्रवारपासून एकतीसपैकी एकानंही गेम बंद केलेला नाही. सोलापूरच्या एक आजी अजून धोंडुबाईच्याच घरात आहेत, बाहेर यायचंच नाही म्हणतात. मोठ्या साहेबांनी स्वतः खेळून बघितला, तर त्यांनाही दोन तास उठता आलं नाही. जत्रेची अटच काढून टाकली. दिवाळीला गेम बाजारात येतोय." ती हसत होती की रडत होती ते कळेना. "आणि पप्पा, तुम्ही ते अपील लिहिलं नसतंत तर मी आज फुग्यांना रंग देत असतो."

नृसिंहरावांनी फोन ठेवला. त्यांना फार बरं वाटत होतं. मग पाटकरी वाट बघत असेल म्हणून त्यांनी परत मोबाईल उचलला.

"अहो, जेवायला चला," श्यामलाबाईंनी आतून हाक मारली.

"नको, मला नाही भूक," नृसिंहराव सवयीनं म्हणाले.

"बरं," श्यामलाबाई म्हणाल्या.

आत भांड्यांवर झाकणं पडल्याचे आवाज आले. एक, दोन, तीन. नृसिंहरावांनी मान वर केली. दुसरी हाक आली नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले. श्यामलाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. भाकऱ्या दुरडीत होत्या, आणि मांडलेली दोन्ही ताटं रिकामी होती.

नृसिंहरावांनी पाट सरकवला. दुरडीतली भाकरी काढून एका ताटात वाढली, शेजारी खर्डा ठेवला, दही घातलं. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, त्यामुळं दही थोडं ओट्यावर सांडलं.

"बस," ते म्हणाले.

"नको," श्यामलाबाई म्हणाल्या.

"बस की."

"नको म्हटलं ना. तुम्ही घ्या."

नृसिंहरावांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि तिसऱ्यांदा विचारलं.